माथेरान कडेकडेने : ठाणे-नवी मुंबईहून एका दिवसाची निवांत चाल

माथेरानहून आलेली बहुतेक मंडळी किती पॉइंट झाले ते आधी सांगतात. समोर काय दिसलं हे विचारलं की मात्र "मस्त दरी होती" यापलीकडे फारसं काही निघत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण ठाणे आणि नवी मुंबईच्या माणसाला स्वतःचा मुलूख वरून ओळखता यावा असा सोपा, चालायला सपाट आणि घरापासून जवळ असलेला दुसरा माथा मला तरी माहीत नाही. आपण रोज ज्या लोकलने जातो ती रुळांची रेघ, नवी मुंबईच्या नळाला येणारं पाणी, कल्याणपर्यंत वाहत जाणारी उल्हास हे सगळं इथून एका दिवसात बघून होतं. फक्त पॉइंटांची यादी बाजूला ठेवायची, डोंगराची कड धरायची आणि उन्हाची दिशा सांभाळायची. या लेखातला सगळा बेत या तीन गोष्टींवर उभा आहे.

बेत तब्येतीने ठीक असलेल्या कुणालाही जमेल असा आहे. आठ-दहा वर्षांची मुलं, साठी ओलांडलेले पण रोज फिरायला जाणारे आई-बाबा, सगळे चालू शकतील. गावात पोचल्यावरची चाल दहा-बारा किलोमीटर होते, नाक्यापासून गावापर्यंतचं येणं-जाणं वेगळं, पण ती दिवसभरात विभागलेली आणि बरीचशी झाडांच्या सावलीतली. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी छोटा बेत पुढे दिला आहे.

डोंगराची ठेवण आधी समजून घ्या

माथेरानचा माथा साधारण ८०० मीटर उंचीवर आहे आणि उत्तर-दक्षिण पसरलेला आहे. वर बऱ्यापैकी सपाटी, तिच्यावर दाट रान, आणि भोवती जवळजवळ सगळीकडे सरळ तुटलेले कडे. खालचा खडक सह्याद्रीतला नेहमीचा काळा कातळ, तर वरचा थर जांभ्याचा. म्हणून रस्ते लाल, धूळ लाल आणि संध्याकाळी मोजेही लाल. या रानात बाजारापासून थोडं दूर गेलं की कड्यापर्यंत पोचेस्तोवर बाहेरचं काही दिसत नाही. मग झाडं संपतात आणि एकदम पायाखालून जमीन उतरते.

ब्रिटिशांना हा डोंगर 'सापडला' तो मे १८५० मध्ये, आणि वर येणारे ह्यू मॅलेट तेव्हा ठाण्याचे कलेक्टर होते. खाली चौक गावात मुक्काम असताना ते फिरत वर आले. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यातच मोडायचा. आज माथेरान रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात आहे. डोंगराच्या वाड्यांतले आदिवासी लोक त्याच्या कितीतरी आधीपासून या वाटांनी चढत-उतरत होते, हे वेगळं सांगायला नको.

आता उन्हाचं गणित. बहुतेक लोक 'सकाळी पूर्वेला, संध्याकाळी पश्चिमेला' जातात, कारण डोक्यात सूर्योदय आणि सूर्यास्त असतो. सूर्यच बघायचा असेल तर ते बरोबर. पण डोंगर, दऱ्या, गावं, नद्या बघायच्या असतील तर नेमकं उलट करायला हवं. सकाळी दहाला पूर्वेकडे तोंड केलं की ऊन डोळ्यांवर येतं आणि समोरचे डोंगर नुसत्या राखाडी पट्ट्यासारखे दिसतात. त्याच वेळी पश्चिमेला वळा, ऊन तुमच्या पाठीवरून दरीपलीकडच्या प्रबळगडाच्या अंगावर पडलेलं असतं आणि त्याची घळन् घळ मोजता येते. दुपारी तीननंतर पारडं फिरतं. तेव्हा पूर्वेच्या कडेला यावं, म्हणजे सह्याद्रीची मुख्य भिंत उजळलेली मिळते. म्हणून आपला क्रम असा : सकाळी पश्चिम कड, दुपारी दक्षिण टोक, कलत्या उन्हात पूर्व कड.

कधी जावं

सर्वांत स्वच्छ नजारा पाऊस ओसरल्यावर मिळतो. सप्टेंबरची अखेर ते ऑक्टोबर या काळात पावसाने हवा धुतलेली असते, रान हिरवं असतं आणि कड्यांवरून पाण्याच्या धारा अजून उतरत असतात. एखादी सर येऊन गेल्यानंतरची दुपार गाठता आली तर सोनं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालायला सर्वांत सुखाचे महिने, पण सकाळी खोऱ्यात धुरकं साचतं आणि ते विरायला नऊ-दहा वाजतात. आपला बेत साडेदहाच्या सुमारास पहिल्या कड्यावर पोचतो, त्याचं हेही एक कारण आहे. फेब्रुवारीच्या आसपास वाटेवरच्या अंजनीला जांभळट निळा फुलोरा येतो. खोडाला आणि फांद्यांना चिकटून गुच्छ येतात, तेव्हा झाडाजवळ जाऊन थांबावं असंच ते दिसतं.

एप्रिल-मेमध्ये दूरचं फारसं दिसत नाही. हवेत धूळ असते. पण खाली ठाण्यात घामाच्या धारा लागलेल्या असताना वर सावलीत चालणं सुसह्य असतं आणि वाटेवर आदिवासी बाया करवंदं, जांभळं घेऊन बसलेल्या असतात. पानांच्या द्रोणातली ती करवंदं जरूर घ्या, आणि भाव करत बसू नका.

भर पावसाळ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. धुकं आणि धबधब्यांसाठी जायचं असेल तर जा, नजाऱ्यांसाठी नको. तासन् तास समोर पांढरा पडदा असतो आणि कड कुठे संपते ते कळत नाही. जांभ्यावर शेवाळ धरलं की चांगल्या बुटांनाही दाद देत नाही. शिवाय खालच्या मार्गाचा भरवसा नसतो. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती, ती याच मार्गावर. अतिवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशी बेत सरळ पुढे ढकलावा.

वार निवडता आला तर मंगळवार ते गुरुवार. शनिवार-रविवारी जायचंच असेल तर पहाटे निघा. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नववर्ष आणि मे महिन्यातले शनिवार-रविवार टाळाच.

ठाण्याहून नेरळ

साडेसहाच्या आगेमागे ठाण्याहून कर्जत किंवा खोपोलीकडे जाणारी लोकल पकडा. माथेरानच्या पायथ्याच्या नेरळपर्यंत तास-सव्वा तास लागतो. 'बदलापूर' किंवा 'अंबरनाथ' पाटी असलेली गाडी घेऊ नका, पुढे वाट बघत बसावं लागेल. नवी मुंबईकरांनी वाशी, नेरूळ किंवा पनवेलहून ट्रान्स-हार्बरने ठाणं गाठावं आणि तिथे गाडी बदलावी. परतीचं तिकीट एकदमच काढून ठेवा.

गाडीत उजवीकडची खिडकी मिळवा. खरी सहल तिथूनच सुरू होते. कल्याण सोडून अंबरनाथ मागे पडलं की उजव्या हाताला डोंगरांची एक रांग सोबत चालू लागते. त्यात मलंगगड आधी, मग बदलापूर-वांगणीच्या आसपास चंदेरीचा उभा सुळका, त्यापुढे नाखिंड, मग पेब, आणि नेरळ जवळ आलं की माथेरानचा लांबलचक सपाट माथा. मुलांना ही नावं इथेच दाखवा. वरून तीच रांग उलट्या बाजूने ओळखायला मग त्यांना मजा येते.

स्वतःची गाडी काढायची असेल तर ठाण्याहून शिळफाटा, काटई, बदलापूर, वांगणी करत नेरळ. नेरूळ-खारघर-पनवेलच्या लोकांना जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने चौक, तिथून कर्जत आणि मग नेरळ हा मार्ग सोयीचा. मात्र नेरळहून वर, मोटारींची हद्द संपते त्या दस्तुरी नाक्यापर्यंतचा घाट अरुंद, वळणांचा आणि फार खडा आहे. घाटात गाडी चालवायची सवय नसेल तर नेरळलाच गाडी लावून टॅक्सीने वर जाणं शहाणपणाचं. शनिवार-रविवारी वरचं पार्किंग भरतं आणि घाटात रांग लागते, तेव्हा चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलताना क्लचचे हाल होतात.

नेरळहून वर

इथे दोन पर्याय आहेत आणि एका दिवसाच्या सहलीसाठी माझा कौल टॅक्सीला. नेरळ स्टेशनाबाहेर शेअर टॅक्सी मिळतात, माणशी दर ठरलेला असतो, माणसं भरली की गाडी सुटते. अर्ध्या तासाच्या आत दस्तुरी नाका येतो.

दुसरा पर्याय म्हणजे छोटी गाडी. दोन फुटी रुळांचा हा मार्ग अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ या काळात बांधून घेतला. सुमारे वीस किलोमीटर नागमोडी वळणं घेत ती नेरळपासून साडेसातशे मीटर चढते. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, मग अमन लॉज आणि शेवटी माथेरान अशी स्टेशनं. प्रवास सुंदरच आहे, पण अडीच तासांच्या वर वेळ जातो, तिकिटं मोजकी असतात आणि पावसाळ्यात नेरळहून वर येणारी गाडी बंद असते. ती मुक्कामाच्या सहलीसाठी राखून ठेवा. गाडीची हौस भागवायला अमन लॉज ते माथेरान ही शटल पुरेशी आहे.

दस्तुरीवर मोटारींची हद्द संपते. पुढे पेट्रोल-डिझेलच्या वाहनांना बंदी आहे आणि माथेरानचं जे काही टिकलं आहे ते या बंदीमुळे टिकलं आहे, असं मी ठामपणे म्हणेन. इथे नगरपरिषदेचा प्रवासी कर भरून पावती घ्या आणि ती दिवसभर जपा.

नाक्यावर घोडेवाले, हमाल, एजंट तुमच्याभोवती जमतील. "काका, लांब आहे, चालवणार नाही, लहान मुलं आहेत" हे ऐकू येईल. त्यांचं पोट त्यावर आहे, तेव्हा चिडू नका. "दादा, आम्ही चालणार आहोत" एवढं हसून सांगितलं की पुरतं. घोडा हवाच असेल तर दरफलक आधी वाचा, कुठून कुठपर्यंत आणि किती वेळ हे बोलून घ्या, आणि मुलाला घोड्यावर बसवलंत तर त्याच्या डोक्यावर हेल्मेट आहे ना ते बघा.

नाक्यापासून गावापर्यंत अडीच-तीन किलोमीटर. शटल अमन लॉजहून सुटते आणि ते स्टेशन नाक्यापासून पाच-दहा मिनिटांवर आहे. डिसेंबर २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षाही सुरू झाल्या. संख्या मोजकी असल्यामुळे रांग असते, पण ज्येष्ठांसाठी मोठी सोय झाली. माणसाने माणसाला ओढत नेणाऱ्या हातरिक्षा बंद करून त्या लोकांना पर्यायी काम देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला, हे फार आधी व्हायला हवं होतं. पाय धड असतील तर मात्र चालतच या. रुळांच्या सोबतीने जाणारा हा रस्ता सावलीचा आहे, चढ अगदी हलका, आणि पाऊण तासात पाय मोकळे होऊन तुम्ही बाजारात पोचता.

बाजारात थांबू नका, निदान सकाळी तरी. स्वच्छतागृह, पाण्याच्या बाटल्या भरणं आणि एक चहा, एवढंच. पुढे कड्यांवर टपऱ्या असतात, पण आडवारी त्या उघड्या असतीलच असं नाही. माणशी दीड लिटर पाणी, पोळी-भाजी किंवा थालीपीठ, केळी, काकडी असं घरचं जवळ असावं. खाऊ पाठीवरच्या सॅकमध्ये, चेन लावून. हातात लटकणारी प्लास्टिकची पिशवी म्हणजे माकडांना आमंत्रण, आणि एकदा माकडाने हात घातला की ओढाताण करू नका, सोडून द्या.

सकाळ : लुईझा, एको आणि शार्लोट तलाव

बाजारातून लुईझा पॉइंटची वाट विचारून घ्या. पाट्या आहेत, पण फाटे फुटतात तिथे विचारणं बरं. रमतगमत पाऊण तास लागतो. शेवटी झाडी संपून उघडा जांभ्याचा सडा लागतो आणि समोर, दरीपलीकडे, प्रबळगड उभा राहतो.

इथे घाईने फोटो काढून वळू नका. अर्धा तास बसा. प्रबळचा माथाही माथेरानसारखाच सपाट आणि रानाने झाकलेला आहे. त्याच्या उजव्या, म्हणजे उत्तरेच्या टोकाला एक खाच दिसते आणि खाचेपलीकडे कलावंतिणीचा सुळका. ज्याचे पायऱ्यांचे व्हिडिओ तुम्ही मोबाइलवर पाहता तो हाच. नजर आणखी उजवीकडे नेली की मलंगगडाची रांग येते, सकाळी लोकलमधून पाहिलेली, आता पाठीमागच्या बाजूने. मधल्या सखल भागात गाढेश्वरचं पाणी चमकतं, पनवेलला पाणी देणारं देहरंग धरण ते हेच. त्यापलीकडे पनवेलचा सपाट पट्टा. हवा चांगली असेल तर इमारतींचे ठिपके दिसतात, आणि खारघर-पनवेलकडची मंडळी आपलं घर कुठे असेल ते शोधू लागतात.

कड्याच्या काठाला एक नियम पाळा. जांभा वरून टणक दिसतो, पण त्याला भोकं असतात आणि पावसाने त्याची कड आतून पोखरली जाते. पुढे झुकलेल्या दगडावर उभं राहायचं नाही. काठापासून दोन-तीन पावलं मागे, आणि मूल असेल तर त्याचा हात तुमच्या हातात. सगळीकडे कठडे नाहीत.

लुईझाहून दक्षिणेकडे कडेकडेने आलात की एको पॉइंट. समोरच्या कड्यावर आदळून आवाज परत येतो, मुलांना एकदा हाक मारू द्या आणि पुढे निघा. पुढे शार्लोट तलाव. हा गावाच्या पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे, तेव्हा पाय धुणं, पोहणं, कागद टाकणं काहीही नाही. काठ निसरडा आहे आणि इथे माणसं बुडाल्याच्या घटना झालेल्या आहेत. जवळच झाडीत ग्रामदैवत पिसारनाथाचं शंकराचं देऊळ आहे. देवळाच्या परिसरातली झाडं जुनी आणि उंच आहेत. डबा उघडायला तलावाजवळची सावली उत्तम. साधारण साडेबारा वाजलेले असतील. जेवण झालं की अर्धा तास काहीच करू नका. चालून आलेल्या पायांना ती विश्रांती लागते, आणि याच शांततेत वरच्या फांद्यांतून शेकरू सरकताना दिसण्याची शक्यता असते. तांबूस अंग, झुपकेदार लांब शेपूट, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर थेट झेप.

दुपार : वन ट्री हिल आणि चौक पॉइंट

तलावापासून दक्षिणेकडे वन ट्री हिलची वाट धरा. इथून शिवाजीची शिडी म्हणतात ती वाट खाली उतरते. मॅलेट वर आले ते याच बाजूने, असं सांगतात. ती उतरायची वाट सवयीच्या लोकांसाठी आहे, आपण वरूनच पाहायची.

चौक पॉइंट हे माथ्याचं दक्षिण टोक, आणि नवी मुंबईच्या माणसाने दुसरं काही नाही पाहिलं तरी हे पाहावं. हिवाळ्यात भर दुपारी ऊन दक्षिणेला असतं आणि पाण्यावर झळाळी येते, म्हणून अडीचच्या आधी पोचण्याची घाई करू नका. खाली उजवीकडे पसरलेलं मोठं निळं पाणी म्हणजे मोरबे धरण. नवी मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचं. वाशीत, नेरूळमध्ये, बेलापुरात सकाळी जो नळ सुरू होतो त्याचं पाणी इथलं. हा डोंगर, प्रबळ आणि इर्शाळ यांच्या उतारांवर पडलेला पाऊस त्यात साठतो. हे मुलांना दाखवा. पाणी कुठून येतं हे एकदा डोळ्यांनी दिसलं की नळ उघडा ठेवू नकोस हे वेगळं सांगावं लागत नाही.

पाण्याच्या उजव्या अंगाला वर जो सुळक्यांचा गड दिसतो तो इर्शाळगड. त्याच्या माथ्याजवळ खडकाला आरपार नेढं आहे. त्याच्याच कुशीत इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात दरड कोसळली आणि झोपलेली वाडी गाडली गेली. या पॉइंटवर उभं राहून ते ठिकाण दिसत असताना आरडाओरडा, मोठ्याने गाणी नकोत, एवढी माझी विनंती आहे.

समोर चौक गाव, त्याच्या बाजूने जाणारा मुंबई-पुणे रस्ता, आणि डावीकडे खंडाळ्याच्या दिशेने उंचावत गेलेला घाट. दुर्बीण असेल तर ती इथे काढा. साधी आठ पटीची दुर्बीण पुरते. एक दुर्बीण दोघा-तिघांत फिरवली की गप्पाही आपोआप नजाऱ्याच्याच होतात.

संध्याकाळी : रामबाग आणि अलेक्झांडर

इथून परतीची दिशा उत्तरेची, पण पूर्व कडेने. रामबागच्या वाटेवर रान दाट आहे, मुळं वर आलेली आहेत, तेव्हा खाली बघून चाला. रामबाग आणि अलेक्झांडर पॉइंट जवळजवळ आहेत, आणि साडेतीन-चारच्या उन्हात पूर्वेचा सगळा पट तुमच्यापुढे उघडतो.

खाली कर्जत-नेरळची सपाटी, तिच्यातून जाणारे रूळ, आणि वळणं घेत जाणारी उल्हास. ही नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणला पोचते आणि पुढे खाडी होते. रुळांवर एखादी लोकल दिसेपर्यंत थांबा. वरून ती सरकते इतकी हळू की मुलं डबे मोजतात.

मग क्षितिजाकडे. तिथे उभी असलेली अखंड भिंत म्हणजे सह्याद्रीची मुख्य धार, तिच्या वर पुणे जिल्हा. डावीकडून सुरुवात करा. हवा स्वच्छ असेल तर सिद्धगड, मग भीमाशंकरचं पठार आणि त्याच्या पुढ्यातला पदरगड, मग तुंगी, त्यानंतर कोथळीगडाचा शंकू, पुढे ढाकचा कडा आणि अगदी उजवीकडे राजमाचीचे दोन बालेकिल्ले, श्रीवर्धन आणि मनरंजन. सगळे एका वेळी ओळखता येणार नाहीत. कोथळीगड आणि राजमाची आधी पकडा, त्यांचे आकार वेगळे आहेत, बाकीचे त्यांच्या आधाराने सापडतात. मोबाइलवर नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा, रेंज सगळीकडे मिळत नाही. या बाजूने डावीकडे जी लांब धार पुढे गेलेली दिसते ती गारबटची. भिवपुरीकडून चढून येणारे ट्रेकर तिच्यावरून येतात.

अलेक्झांडरहून बाजार अर्ध्या तासावर. साडेचार-पाचपर्यंत तुम्ही चिक्की आणि चपलांच्या दुकानांत असाल. कोकम सरबत प्या, खरेदी करा, पण घड्याळाकडे लक्ष ठेवा.

ज्येष्ठांसाठी, लहानग्यांसाठी छोटा बेत

शटल किंवा ई-रिक्षाने गावात या, एको पॉइंट आणि शार्लोट तलाव एवढंच करा, बाजारात जेवा, दुपारी विश्रांती घेऊन चारला अलेक्झांडर. चाल पाच-सहा किलोमीटरवर येते आणि सकाळी पश्चिम, दुपारनंतर पूर्व हा क्रमही मोडत नाही. बाबागाडी घेऊन येऊ नका. काही भागांत रस्त्याला पेव्हर ब्लॉक आहेत, पण कड्याकडच्या वाटांवर दगड आणि मुळं आहेत. बाळाला पाठीवरच्या झोळीतून न्यावं.

मुक्काम करणार असाल तर

मुक्कामाने दोन गोष्टी वाढतात. एक, पॉर्क्युपाइन पॉइंटचा सूर्यास्त. दुसरी, पहाटेचा पॅनोरमा. पॅनोरमा हे उत्तर टोक, बाजारापासून पाचेक किलोमीटर. अंधारात टॉर्च घेऊन दीड तास आधी निघावं लागतं, आणि एकट्याने नव्हे. तिथे दोन्ही बाजू एकाच जागेवरून दिसतात. पूर्वेला नेरळ आणि उल्हासचं खोरं, पश्चिमेला पनवेलचा मुलूख, आणि मधोमध अगदी जवळ पेबचा किल्ला. सूर्य उगवला म्हणून लगेच परतू नका. सकाळी आठ-नऊच्या सुमारास पश्चिमेचा अर्धा भाग उजळतो, तोवर थांबण्यासारखं आहे. हॉटेल ठरवताना ते बाजारापासून किती आत आहे ते विचारा. सामान उचलायला हमाल मिळतात, त्यांचा दर आधी ठरवून घ्या आणि एका माणसावर तीन बॅगा लादू नका.

पायात आणि पिशवीत

तळाला खाचा असलेले जुने, सवयीचे बूट. नवे कोरे नकोत. सुती मोजे, टोपी, डिसेंबर-जानेवारीत एक स्वेटर, टॉर्च, कापडी पिशवी, सुटे पैसे. ऑनलाइन पैसे बहुतेक ठिकाणी चालतात, पण रेंज गेली की टपरीवाल्याला रोखच लागते. श्वासाचा त्रास असलेल्यांनी मास्क ठेवावा, कारण मुख्य रस्त्यावर घोड्यांच्या टापांनी लाल धूळ आणि लीद उडते. स्वतःचा सगळा कचरा, केळ्याच्या सालींसकट, परत खाली आणा. इथलं सगळं सामान घोड्याच्या किंवा माणसाच्या पाठीवरून ये-जा करतं, तुमची रिकामी बाटलीसुद्धा.

परत निघताना

हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि रानात अंधार त्याआधीच होतो. म्हणून पाच वाजता बाजार सोडा. शटलचं वेळापत्रक सकाळीच पाहून ठेवलेलं असावं, वेळ जुळली तर तिने जा. नाही जुळली तर चालत निघा, जाताना उतार असल्याने चाळीस मिनिटांत दस्तुरी येते. अंधार पडल्यावर टॅक्सी कमी होतात आणि रविवारी रांग लांबते.

नेरळहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकल कर्जत-खोपोलीहून येतात. रविवारी संध्याकाळी त्या भरून येतात, तेव्हा ज्येष्ठ सोबत असतील तर एक गाडी सोडून पुढची घेण्याइतका वेळ हाताशी ठेवा. नवी मुंबईकरांनी ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणारी शेवटची गाडी किती वाजता सुटते ते घरातून निघतानाच पाहून ठेवावं आणि तिच्या निदान तासभर आधी ठाण्याला उतरता येईल अशी नेरळची लोकल धरावी.